पाण्यात काही टाकायचं नाही

कडूबा हे नाव आजीनं ठेवलं. त्याच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून याला कडू म्हणायचं, म्हणजे सटवाई तोंड वाकडं करून पुढच्या घरी जाते, असा देवगाव रंगारीकडचा साधा हिशेब. सटवाई गेली, पोरगं वाचलं, जेमतेम शिकलं, शहरात आलं आणि पाणीपुरवठ्यात लाइनमन झालं. "नाव कडूबा आन् सोडतो गोड पाणी," या एका विनोदावर त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, अख्खा संसार हसत ओढला.

लाइनमन म्हणजे कोण, हे रोज नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला कळायचं नाही. छत्रपती संभाजीनगरात ते शेंबड्या पोरालाही कळतं. इथं पाण्याचा वार असतो, आणि त्या वारी लग्नसुद्धा धरायचं म्हटलं तर माणूस दोनदा विचार करतो. व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून कडूबा गल्लीत शिरला की लोक चहाला हाक मारत, आणि पाण्याला उशीर झाला की त्याच तोंडांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कडूबाजवळ सगळ्यांना एकच उत्तर असे: "वरूनच प्रेशर नाय." त्या एका वाक्यावर त्यानं सगळी नोकरी काढली.

फक्त एका बाबतीत तो कधी वर बोट दाखवत नसे. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम तो दुसऱ्याच्या हाती देत नसे. बादलीत पावडर कालवायची, त्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं. मग खिशातली ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली काढायची. नळाचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात ओटीचे दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की पावडर शेवटच्या घरापर्यंत पोचली, आता पोराबाळांनी बिनघोर प्यावं. तो पिवळा रंग बघून कडूबाला पोरीला हळद लागल्यावर बापाला व्हावं तसलं समाधान व्हायचं. "माझ्या लायनीवर कधी हगवणीची साथ आली नाय," हे तो लग्नात सांगे, मयतीत सांगे आणि गंगापूरच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगे. ते खरंही होतं.

मग तो रिटायर झाला. चावी जमा केली, ओटीची बाटली आणि काचनळी तेवढी सवयीनं खिशातच राहिली, आणि आठ दिवसांत गल्ली नव्या पोराला चहा पाजू लागली. कडूबा ओट्यावर बसून असायचा. कुणी त्याला शिव्यासुद्धा देईना, तेव्हा त्याला कळलं की शिव्यांतही एक मान होता.

त्याच्या घरापासून जरा अंतरावर, भावसिंगपुऱ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी, एक जुनी बारव आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, भिंतीत देवळ्या, देवळ्यांत पारवे, आणि तळाशी बारमाही पाणी. तिथं दर रविवारी काही मंडळी साफसफाईला येऊ लागली. पुढारीण होती तनुजा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, उन्हानं रापलेली, गवताच्या काडीसाठीही खाली वाकणारी बाई. तिच्या जोडीला ऋतुराज, वाळूजच्या कंपनीत नोकरीला, पाहुण्यांना बोलावणं आणि मोबाइलवरचा ग्रुप ही त्याची खाती. कडूबा आधी लांबून बघायचा. एकदा राहवलं नाही म्हणून खाली उतरला आणि झरा कुठल्या कोपऱ्यातून येतो ते दाखवलं. तेव्हापासून तो 'लाइनमनकाका' झाला. रविवार आला की त्याच्या अंगात वारं शिरे. मालनबाई म्हणायची, "नोकरीत असताना एवढ्या लवकर कधी उठला नाय हा मानूस."

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी बारवेत दीपोत्सव ठरला. हल्ली बारवांत पायरीपायरीवर पणत्या लावायची रीत पडली आहे. सकाळी गाळ काढायचा, संध्याकाळी दिवे, आणि बघायला शहरातली मोठी मंडळी. कडूबानं स्कूटरच्या डिकीत दोरी ठेवली, विळा ठेवला आणि खाली पावडरीची पिशवी सरकवली. हार्डवेअरच्या दुकानातून त्यानं ती आदल्या दिवशीच आणली होती.

"हे कामून?" मालनबाईनं विचारलं.

"पाव्हणे येनार. पाणी नीट पायजे."

"त्या मॅडमला इचारलं का?"

"पावडरीला काय इचारायचं? पाणी म्हणलं की पावडर आलीच."

मालनबाईनं ठेच्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि विषय सोडून दिला. पाण्याच्या बाबतीत नवऱ्याशी वाद घालायचा नाही, हे ती फार पूर्वी शिकली होती.

तो पोचला तेव्हा वरच्या पायरीवर साळूबाई वाकळ धूत होती. बारवेला लागूनच तिचं पत्र्याचं घर. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून द्यायच्या हा तिचा धंदा, मागं-पुढं कुणी नाही. सोड्याचा फेस पायऱ्यांवरून ओघळत खाली चालला होता. कडूबाच्या अंगातला लाइनमन जागा झाला.

"ए बाई! किती बारी सांगायचं? हितं धुणं नाय करायचं!"

"आजच्या दिस, भाऊ. संध्याकाळी पाव्हणे येतील. कुनी माझ्या दारात टेकलं त वाकळ तरी नीट पायजे ना."

तेवढ्यात मंडळी आली, आणि ऐकणारे दिसल्यावर कडूबाचा आवाज वर चढला. "पाण्यातलं तुला काय कळतं? तुझ्या या सोड्यानं मासे मरतील एक दिस, मंग कळंल!"

साळूबाईनं वाकळ पिळली, खांद्यावर टाकली, पदरातला भाकरीचा तुकडा काढून पाण्याजवळ गेली आणि पाण्यावर हलकेच हात मारला. तिचा हात ओळखून मासे वर आले. मोठी मरळ, तिच्यामागं बारक्या चिंगळ्यांचा घोळका. चुरा टाकून ती निघून गेली. ऋतुराजनं कडूबाच्या पाठीवर थाप दिली, "काका, एकदम सही बोललात." कडूबा फुलला.

तनुजानं सगळ्यांना पायऱ्यांवर बसवून नेहमीचं सांगितलं. "पाण्यात काही टाकायचं नाही. फूल नाही, कुंकू नाही, साबण नाही. जे आत आहे त्याचं ते घर आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात कडूबानं डोलावली, आणि त्यात जराही खोटेपणा नव्हता. पावडर म्हणजे 'काही' असं त्याच्या मनातच आलं नाही. भाजीला मीठ टाकताना आपण भाजीत काहीतरी टाकतोय, असं कुणाला वाटतं?

मग काम सुरू झालं. तळापासून वरपर्यंत माणसांची साखळी लागली आणि गाळाची घमेली हातोहात वर चढू लागली. नारळ निघाले, बाटल्या निघाल्या, देवांच्या फुटक्या तसबिरी निघाल्या, त्या कुठं ठेवाव्यात यावर थोडा वादही झाला. गाळात एक कासव सापडलं. तनुजानं ते दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तसं परत पाण्यात सोडलं. शेपटी हलवत एक धोबी पक्षी ओल्या पायऱ्यांवर फिरत राहिला, माणसांची त्याला पर्वा नव्हती. कडूबा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून घमेली भरत होता, ओरडून हुकूम सोडत होता, आणि फार दिवसांनी त्याचे हुकूम कुणीतरी ऐकत होतं.

दुपारी गाळ संपला, पण ढवळून पाणी काळं झालं आणि घाण वास सुटला. ऋतुराज नाकाला रुमाल लावून म्हणाला, "यार, संध्याकाळपर्यंत हा वास जायला पाहिजे." तो हे कुणालाच उद्देशून बोलला नव्हता. कडूबानं मात्र ते स्वतःला सांगितल्यासारखं घेतलं.

मंडळी चिंचेखाली पिठलं-भाकरी खायला बसली. मालनबाईच्या ठेच्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. तेवढ्या वेळात कडूबा बादली घेऊन खाली उतरला. सगळं रीतसर केलं. पावडर कालवली, चुना बसू दिला, वरचं नितळ पाणी बारवेत चारी बाजूंनी फिरवून ओतलं. टाकीचा अंदाज त्याच्या हाताला पाठ होता. पण हे पाणी काळं होतं, म्हणून त्यानं हात आणखी सैल सोडला आणि पुन्हा बादली कालवली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? संध्याकाळी नितळ पाण्यात दिवे चमकतील, कुणीतरी विचारेल, पाणी एवढं स्वच्छ कसं झालं, आणि मग तो सांगेल.

ऊन कलल्यावर तनुजा सगळ्यांना डोंगरावर घेऊन गेली. पळस फुलला होता, पान एक नाही आणि झाड सगळं केशरी. बाभळीला सुगरणीची जुनी घरटी लोंबत होती. एक घरटं खाली पडलं होतं, तनुजानं त्याच्या आतला चिखलाचा गोळा दाखवला. वाऱ्यात घरटं फार हलू नये म्हणून सुगरण तो लावते, असं काही लोक म्हणतात, असं ती म्हणाली. कडूबानं घरटं हातात घेऊन नाकाशी धरलं. इतकी वर्षं याच डोंगराखालून त्यानं पाइप नेले होते, पण वर मान करून कधी बघितलं नव्हतं. "लई भारी काम हाय ह्या पाखराचं," तो म्हणाला, आणि आजचा दिवस आपल्या आयुष्यातला चांगला दिवस आहे, असं त्याला अगदी आतून वाटलं.

ते खाली आले तेव्हा पाहुणे यायला लागले होते. पोरी पायऱ्यांवर पणत्या मांडत होत्या. पाणी खरंच नितळलं होतं. आणि कुणीतरी ओरडलं, "ते बघा, मासे!"

सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून उघडमिट करत होते. पाहुण्यांनी मोबाइल काढले. एक बाई हात जोडून म्हणाल्या, "महादेवाच्या दर्शनाला आलेत हो!" कुणी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कासव तर पाण्याबाहेर पायरीवर चढून बसलं, तेव्हा आनंदाला पारावार उरला नाही. कडूबाही टाळ्या वाजवत होता. पाण्याच्या स्वच्छतेनं मासे खूश झाले, असंच त्याला वाटलं, आणि आता सांगावं म्हणून त्यानं घसाही खाकरला.

तेवढ्यात एक चिंगळी आडवी झाली. मग तिच्या शेजारची. पांढरी पोटं वर येऊ लागली. टाळ्या विरळ झाल्या आणि थांबल्या. तनुजा पायऱ्या उतरून धावत खाली गेली. "पाण्यात काहीतरी गेलंय," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "कसला तरी वास येतोय."

तो वास कडूबाला वेगळा ओळखायची गरज नव्हती. जन्मभर तो त्याच्या कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीच्या घासाला होता. त्याचे हात टाळीच्या पवित्र्यात छातीशीच राहिले.

"धुणं!" ऋतुराज म्हणाला. "सकाळी ती बाई धूत होती ना. लाइनमनकाका तेव्हाच म्हणाले होते, सोड्यानं मासे मरतील म्हणून. काका, म्हणाला होतात ना?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं, कौतुकानं. कडूबाच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि न फुटलेल्या शब्दाला लोकांनी होकार धरलं. कुणीतरी साळूबाईला हाक मारायला गेलं.

ती आली ती हात पुसत. दारात तिनं वाळलेली वाकळ अंथरून ठेवली होती, वरच्या पायऱ्यांवरून सगळ्यांना दिसत होती. पाण्यात बघितल्यावर ती मटकन खालीच बसली. ऋतुराज काय बोलत होता, पाहुणे काय म्हणत होते, ते तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. मरळ तिच्या समोर उताणी तरंगत होती. तिनं सवयीनं पाण्यावर हात मारला. काही हललं नाही.

"मूठभर सोडा व्हता," ती म्हणाली. "आधीबी धूत व्हते, असं कधी झालं नाय... पन माझंच चुकलं." आणि ती वळली ती थेट कडूबाकडं. हात जोडले. "तुमी म्हनलात तसंच झालं वो भाऊ. तुमी सकाळी सांगत व्हता, म्या ऐकलं नाय. मला नाय कळत पाण्यातलं."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं म्हणतात ते काय असतं, हे कडूबाला त्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं. तो गप्प राहिला तर काहीच होणार नव्हतं. साळूबाईला थोडं ओरडतील, धुणं बंद करतील, रविवार येतील, लोक काका म्हणतील. आणि बोलला तर कोण त्याला पुन्हा पाण्याजवळ उभं करील? आयुष्यभर जिथं पिवळा रंग दाखवला तिथं आता हे दाखवायचं? 'वरूनच प्रेशर नाय' हे वाक्य जिभेवर सवयीनं येऊन गेलं. पण आज वर कुणी नव्हतंच. साळूबाईचे हात अजून त्याच्यासमोर जोडलेले होते, आणि ते त्याला बघवेनात.

त्यानं खिशातून काचनळी काढली. खाली उतरला, नळीत पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले. पिवळं नाही झालं. एकदम नारिंगी झालं, तांबूस. नोकरीत इतका गडद रंग त्यानं एकदाही बघितला नव्हता. नळी त्यानं वर धरली. कुणाला काही कळेना. पाहुण्यांपैकी एकानं त्याचाही फोटो काढला.

"सोड्यानं असा रंग येत नाय," कडूबा म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. "ही ब्लीचिंग पावडर हाय. दुपारी तुमी जेवत व्हता तवा म्याच टाकली. साळूबाईचा काय संबंध नाय."

"काका," तनुजा म्हणाली, "मी दर रविवारी सांगते ना, पाण्यात काही टाकायचं नाही?"

"व्हय. सांगता." त्याला तिच्याकडं बघता येईना. "मला वाटलं, पावडर टाकनं म्हणजे काय टाकनं नव्हं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली, बादली उचलली आणि अजून तडफडणारे मासे वेचून घरून आणलेल्या पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकू लागली. बाकीचेही उतरले. पाहुणे एकेक करून निघून गेले. पणत्या मांडलेल्या तशाच राहिल्या.

ऋतुराजनं कडूबाला बाजूला घेतलं. "काका, झालं ते झालं. गावभर कशाला करता? मी ग्रुपवर टाकून बसलोय की धुण्यामुळं झालं. राहू द्या तसंच. ती बाई थोडीच ग्रुपवर आहे?"

"ती नाय," कडूबा म्हणाला. "मी हाय ना." त्याला टाइप करता येत नव्हतं. त्यानं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "मी कडूबा लाइनमन बोलतोय. बारवेतले मासे माझ्या पावडरीनं मेले. साळूबाईचं नाव घेऊ नका." आणि पाठवलं. थोड्या वेळानं उत्तरं आली. कुणी हात जोडलेलं चित्र पाठवलं, एकानं अंगठा. एकानं लिहिलं, मोठ्या मनाचे काका. मालनबाईला दाखवायलासुद्धा लाज वाटावी असं ते कौतुक होतं.

मंडळी ड्रम घेऊन गेली. कासव तनुजानं टोपलीत घातलं, जाताना ती "येते" म्हणाली नाही. कडूबा एकटाच तळाशी राहिला. दिवस मावळायला आला होता. तो एक एक मासा हातानं उचलून घमेल्यात ठेवत होता. मरळ त्यानं दोन्ही हातांत घेतली तेव्हा ती अजून मऊ होती. पारवे देवळ्यांत परत येऊन घुमत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. साळूबाई होती. दिवेलागणीला मासे भुकेजतात म्हणून ती रोज या वेळी यायची, तशीच सवयीनं आली असावी. हातात भाकरी होती. ती खाली आली, पाण्याकडं बघितलं, मग घमेल्याकडं. सकाळी तो तिला जे बोलला होता ते तिनं काढलं असतं तर त्यानं मान खाली घालून ऐकलं असतं. त्यासाठी तो तयार होऊन उभा राहिला.

"दुपारपास्नं काय खाल्लं का?" तिनं विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

तिनं भाकरी पुढं केली. "घ्या. त्यांच्यासाठी केली व्हती."

कडूबानं हात पुढं केला. हाताला पावडरीचा वास होता, आणि माशांचा. भाकरी अजून कोमट होती. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि तिच्यासमोर उभ्यानं चावत राहिला.